रात्री तीन वाजता खाटेजवळ कोण होतं?

पेटची तयारी करताय, किंवा पेट निघाली आणि आता विषयाच्या शोधात फिरताय, अशा सगळ्यांसाठी आजचा लेख आहे.

सुरुवातीला आपली एक गल्लत होते. विषय मिळाला की वाटतं, प्रश्नही मिळाला. माझंही तेच झालं. ‘जालना परिसरातील परिचारिका प्रशिक्षणाचा इतिहास’ असं कागदावर लिहिलं, खाली चार उद्दिष्टं टाकली आणि गाईडपुढे ठेवलं. सरांनी कागद वाचला, परत दिला आणि एवढंच विचारलं, ‘‘यात तुला नक्की काय समजून घ्यायचंय?’’ मला उत्तर देता आलं नाही. प्रशिक्षण कधी सुरू झालं, किती मुली शिकल्या, अभ्यासक्रम काय होता, ही सगळी माहिती झाली. त्यातून कोडं काही पडत नव्हतं.

कोडं पडलं ते एका मुलाखतीत. तिथूनच सुरू करते, कारण प्रश्न कसा सापडतो हे त्यातून जास्त नीट दिसेल.

सिस्टरांनी सांगितलेली रात्र

जालना जिल्ह्यातल्याच एका निवृत्त परिचारिकेकडे मी गेले होते. वय सत्तरीच्या पुढे. बोलता बोलता मी त्यांना ‘मावशी’ म्हटलं, तर त्यांनी लगेच थांबवलं. ‘‘मावशी म्हणू नकोस बाळा. मावशी म्हणजे आया. मी सिस्टर.’’ पहिला धडा तिथेच मिळाला. दवाखान्यात नात्याचा शब्दही दर्जा सांगतो. मुलाखतीला जाण्याआधी त्या जगातले शब्द माहीत करून घ्या.

त्यांचं शिक्षण १९७०च्या दशकात मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात झालं. नाव द्यायचं नाही अशी त्यांची अट होती, आणि रुग्णालयाचंही नाव मी देत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना त्यांची नाइट ड्युटी होती. बायकांचा वॉर्ड, दोन शिकाऊ मुली आणि दोन वॉर्डांना मिळून एक स्टाफ नर्स. एक बाळंतीण तापाने आली होती. संध्याकाळी ती नीट बोलत होती. रात्री तीनच्या सुमाराला सिस्टरांनी पाहिलं तर ताप उतरलेला. पण बाई सारखी कूस बदलत होती, हात गार पडले होते आणि श्वास भराभर चालला होता. डॉक्टरांना उठवावं असं त्यांच्या मनात आलं. पण आठवडाभरापूर्वी विनाकारण उठवलं म्हणून बोलणी खाल्लेली. स्टाफ नर्स शेजारच्या वॉर्डात अडकलेली. आणि सांगायचं तरी काय? चार्टवर तर ताप नॉर्मल होता. त्या थांबल्या. उजाडायच्या आत ती बाई गेली.

‘‘मला कळलं होतं गं,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘पण कळलेलं सांगायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं.’’

मी विचारलं, चार्टवर श्वासाचा आकडा किती होता? त्या हसल्या. ‘‘श्वास? तो सगळ्यांचाच वीस असायचा. मोजतंय कोण?’’

घरी येताना बसमध्ये मी वहीत लिहिलं: अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेजवळ शिकाऊ परिचारिका होती. तिने लक्षण पाहिलं. तरीही ते पुढे का पोचलं नाही? आणि खाली: शिकाऊ परिचारिकेला काय पाहायला शिकवलं जायचं, आणि पाहिलेलं बोलायची मुभा तिला केव्हा, कशी मिळाली?

विषय तोच राहिला, पण आता त्याला प्रश्न मिळाला होता.

इथे एक सावधगिरी. ही एका व्यक्तीची, पन्नास वर्षांपूर्वीची आठवण आहे. तिच्यावरून ‘मराठवाड्यात असंच चालायचं’ असं विधान करता येत नाही. त्या आठवणीचा उपयोग दिशा कळण्यापुरता. पुढचं काम कागदांचं.

मागे जाऊन बघू : असई, १८०३

माझी एक सवय आहे, तुम्हालाही सुचवते. एखादी गोष्ट कशी घडली हे समजत नसेल, तर ती गोष्ट नव्हती त्या काळात जाऊन बघा.

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला असई हे छोटं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसले यांची फौज आणि आर्थर वेलस्लीच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची लढाई झाली. नुसत्या कंपनीच्या बाजूचे ठार आणि जखमी मिळून दीड हजारांवर होते. लढाई कुणी जिंकली, तोफा किती होत्या, यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. आपला प्रश्न वेगळा. त्या रात्री आणि पुढचे दिवस या हजारभर जखमींजवळ कोण होतं?

पलटणींचे मोजके सर्जन होते. जखमी वाहून न्यायला डोलीवाले होते. पुढे अजिंठ्याला जखमींसाठी इस्पितळ मांडावं लागलं. तेव्हाच्या लढायांत जखमींना पाणी पाजणं, पट्टी बदलणं, रात्रभर शेजारी बसणं ही कामं छावणीबरोबर चालणारे नोकर, बायका आणि धडधाकट सोबती करत. त्यांची नावं कागदावर येत नाहीत. प्रशिक्षित परिचारिका हा प्रकार तेव्हा जगात कुठेच रुजलेला नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० साली जन्मली.

म्हणजे अत्यवस्थ माणसाजवळ बसणारं कुणीतरी नेहमीच होतं. नवी गोष्ट ही घडली की त्या बसण्याला शिक्षण लागतं असं एकोणिसाव्या शतकात मानलं जाऊ लागलं. ते शिक्षण कुणाला, कोणत्या अटींवर मिळालं, हे बघायला हवं.

शिकणारी की राबणारी?

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या नावाची शाळा सुरू झाली. तिथलं सूत्र जगभर पसरलं: मुलगी रुग्णालयातच राहील, वॉर्डात काम करील आणि काम करता करता शिकेल. बदल्यात राहणं, जेवण आणि थोडा भत्ता. ऐकायला ठीक वाटतं. पण रुग्णालयाच्या बाजूने पाहिलं तर स्वस्तात मनुष्यबळ मिळत होतं. शाळा काढली की वॉर्ड चालतो, आणि मुली पास झाल्या की नवी तुकडी येते.

हेच सूत्र आपल्याकडे आलं. १८८५ साली डफरिन फंड निघाला. बायकांसाठी डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी तयार करणं हा त्याचा हेतू. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. तिथे एडिथ पीची या डॉक्टर होत्या आणि परिचारिकांच्या शिक्षणातही त्यांनी लक्ष घातलं. मिरजेत विल्यम वॉनलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ साली उघडलं, आणि तिथेही उपचारांबरोबर शिक्षणाचं काम उभं राहिलं. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर मुलींना आणि विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण घ्यायला पाठवलं. परक्याच्या शरीराला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, जातपात न बघता मलमूत्र उचलायचं, यावर त्या काळी काय बोललं गेलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. त्या पहिल्या मुलींनी नुसतं कौशल्य शिकलं नाही, लोकांची बोलणीही सोसली.

नर्सिंगच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत एक ओळ असते: १८९१ साली बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका. पुढे काही नाही. कुठल्या गावच्या, वय काय, पुढे काय झालं, पगार किती होता? एक पुस्तक दुसऱ्यातून उतरवतं आणि दुसरं तिसऱ्यातून. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी ओळ दिसली की थबकायला हवं. जी ओळ सगळीकडे तीच आणि तेवढीच असते, तिच्यामागे मूळ कागद कुणी पाहिला हे आधी विचारा. हवा असेल तर हा एका पीएचडीचा विषय आहे.

मुद्द्यावर येते. मुली शिकत होत्या की राबत होत्या, हा वाद जगभर झाला. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने म्हटलं की रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचं शिक्षण यांची ओढाताण होते आणि त्यात शिक्षण मागे पडतं. ब्रिटनमध्ये १९४७ साली वुड समितीने शिकाऊ परिचारिकेला पुरता विद्यार्थ्याचा दर्जा द्या, अशी शिफारस केली. भारतात भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्यात परिचारिका किती? सुमारे ७ हजार. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक.

या आकड्याजवळ जरा थांबा. एवढ्या कमी परिचारिका असतील, तर रात्री वॉर्डात कोण असणार? शिकाऊ मुलीच. आपल्या सिस्टरांची ती रात्र एका रुग्णालयाच्या गलथानपणाची गोष्ट म्हणून वाचता येते. पण हा आकडा समोर ठेवला की कळतं, ती व्यवस्थाच शिकाऊ मुलींच्या खांद्यावर उभी राहिलेली होती. सगळ्यात आजारी माणूस आणि सगळ्यात कमी शिकलेली मुलगी, यांची गाठ रात्री पडायची.

आणि दुसरी गोष्ट. ४३ हजारांना ७ हजारांनी गुणून बघा. ३० कोटींच्या आसपास येतात. ही ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या झाली. संस्थानं त्यात नाहीत. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे जो आकडा आपण मराठवाड्याबद्दल बोलताना बिनधास्त वापरतो, त्यात मराठवाडा मोजलेलाच नाही! माझ्या पहिल्या मसुद्यात हीच चूक होती. कुठलाही आकडा उचलताना त्याची हद्द बघा.

जालन्याचे कागद जालन्यात नाहीत

आता आपल्या गावाचं. जालना शहर कुंडलिका नदीकाठचं, जुनी व्यापारी पेठ आणि लष्कराची छावणी असलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने इथे काम उभारलं आणि शहराजवळ बेथेल ही वसाहत वसवली. स्कॉटिश मिशनच्या या कामातूनच पुढे जालन्याचं मिशन हॉस्पिटल आलं. परिसरातल्या जुन्या माणसांना आजही ‘मिशनचा दवाखाना’ म्हटलं की कळतं.

मग या इतिहासाचे कागद कुठे मिळतील?

मिशनची पत्रं आणि अहवाल बघायचे तर एडिनबरोला, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या परदेशी मिशनचे दप्तर आहे. तिथे शोधतानाही नाव बदलत जातं. १९०० पर्यंत फ्री चर्च, मग युनायटेड फ्री चर्च, १९२९ नंतर चर्च ऑफ स्कॉटलंड. संस्थानचा कारभार बघायचा तर हैदराबादला, आणि तिथले विसाव्या शतकाचे बरेच कागद उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, म्हणजे त्यापुढचा कारभार मुंबईला. १ मे १९६० ला महाराष्ट्र. आणि जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. त्याआधी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. ‘जालना जिल्हा, १९५०’ असं शोधाल तर हाती काहीच लागणार नाही. औरंगाबादच्या फाइलीत शोधा, आणि इंग्रजी कागदांत ‘जौलना’ अशा जुन्या स्पेलिंगनेही शोधा.

कायद्याचंही तसंच. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. कागदावर नोंद असलेली परिचारिका म्हणजे कोण, किती शिकलेली, हे तिथे ठरू लागलं. पण तो कायदा निजामाच्या हद्दीत लागू नव्हता. औरंगाबाद आणि नगर यांच्यामध्ये अंतर ते किती, पण मध्ये राज्याची सीमा. अखिल भारतीय पातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ अखेरीस आला. महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ चा. मराठवाड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला निघालं, त्याचंच रुग्णालय म्हणजे आपली ‘घाटी’. जालन्याहून साठेक किलोमीटर. ‘घाटीला न्या’ हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांनी ऐकलं असेल! अत्यवस्थ रुग्णाचा इतिहास लिहायचा तर हा रस्ताही त्यातच धरावा लागतो.

म्हणून उर्दू वाचायला शिकायला लागा, असं मी मराठवाड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. सहा महिन्यांत छापील मजकूर वाचता येतो. मी अजून अडखळते, पण फाइलीचा विषय तरी कळतो.

मोजणं आणि सांगणं

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. शिकाऊ परिचारिकेला काय पाहायला शिकवलं?

नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिलं होतं. म्हणजे ‘बघणं’ हे परिचर्येच्या शिक्षणात पहिल्यापासून आहे. १८६०च्या दशकात खिशात मावेल असा छोटा तापमापक आला, आणि ताप, नाडी, श्वास यांची नोंद परिचारिकेकडे गेली. तोच आपला टीपीआर चार्ट. रक्तदाब मोजण्याची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, पण ते यंत्र बराच काळ डॉक्टरांच्याच हातात राहिलं. कोणतं मोजमाप कुणाच्या हातात, यातून कुणावर किती विश्वास ठेवला जातो ते दिसतं. अभ्यासक्रमाचे जुने कागद हाती आले तर धड्यांची नावं वाचून थांबू नका. प्रात्यक्षिकाच्या यादीत कोणतं उपकरण केव्हा येतं ते तारखेनिशी टिपा.

या तीन आकड्यांत श्वास सगळ्यात दुर्लक्षित राहिला. ताप यंत्र सांगतं, नाडी बोटाला लागते. श्वास मोजायला मात्र एक मिनिट नुसतं बघत उभं राहावं लागतं, आणि तीस खाटांच्या वॉर्डात ते मिनिट मिळत नाही. म्हणून ‘सगळ्यांचा वीस’. आणि गंमत अशी की, गंमत कसली, दुर्दैव असं की, माणूस खालावू लागला की पुष्कळदा आधी श्वासच वाढतो. त्या बाळंतिणीचा ताप उतरला होता, पण श्वास वाढला होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की असं होऊ शकतं, हे आज कुठलीही स्टाफ नर्स सांगेल. तेव्हा चार्टवर ज्या आकड्याकडे सगळे बघायचे त्याने धीर दिला, आणि ज्या आकड्याने धोका सांगितला असता तो मोजलाच गेला नाही.

विद्यार्थी आणि अत्यवस्थ रुग्ण यांची आणखी एक गाठ जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांना वाचवायला यंत्रं पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून पिशवीने हवा देण्याचा मार्ग काढला, आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, हाताने पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात बहुतेक इतिहासकार इथून धरतात. तिथे रुग्णाजवळ विद्यार्थी होते तसेच आपल्याकडेही होते. फरक असा, की त्यांना एकच काम नेमकं शिकवलं होतं, आणि काही बिघडलं तर हाक मारायची मुभा होती.

आता परत जालन्याकडे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्या जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांचं काम मात्र झालं कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. लाल विंचू चावलेली माणसं तिथे दगावत. त्यांनी रुग्णाजवळ बसून तासातासाला काय बदलतं ते टिपलं: घाम, उलटी, गार पडणारे हातपाय, मग हृदयावरचा ताण आणि फुप्फुसात साचणारं पाणी. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं ते याच आगाऊ लक्षणांबद्दल. पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर त्यांनी रूढ केला आणि या दंशाचे मृत्यू खूप कमी झाले. हे उदाहरण डॉक्टरांचं आहे, परिचारिकेचं नाही. तरी मी ते मुद्दाम घेते. मोठं यंत्र नसलेल्या आरोग्य केंद्रातही ‘आधी काय दिसतं’ हे नीट पाहता येतं, हे त्यातून कळतं. पण पाहणारा स्वतःच निर्णय घेणारा होता. सिस्टरांच्या रात्री पाहणारी एक होती आणि निर्णय दुसऱ्याचा. मधली वाट बंद होती.

ही वाट उघडायचे प्रयत्न अलीकडचे आहेत. ब्रिटनमध्ये १९९७ साली एक साधी गुणपद्धत सुचवली गेली. नाडी, श्वास, रक्तदाब, ताप आणि शुद्ध यांना गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की डॉक्टरांना बोलवायचंच. २०१२ मध्ये तिथे ती देशभरासाठी एकसारखी केली गेली. याच काळात अशा रुग्णाला वेळीच ओळखण्याचे छोटे अभ्यासवर्गही सुरू झाले. फोनवर काय सांगायचं याचीही चौकट रूढ झाली: आत्ता काय झालंय, आधीची हकीकत काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं असं मी म्हणते. शेवटचे दोन भाग परत वाचा. जिला पिढ्यान्‌पिढ्या ‘निदान करणं तुझं काम नाही’ असं शिकवलं, तिला आता ‘मला काय वाटतं’ हे म्हणायला शिकवलं जातं. बेरजेचा खरा उपयोगही इथेच आहे. ‘सर, जरा बरं वाटत नाही त्यांचं’ याच्यावर ओरडा बसतो. ‘सर, बेरीज सात झाली’ यावर ओरडता येत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६ च्या सुमाराला अत्यवस्थ रुग्णांच्या शुश्रूषेसाठी दोन वर्षांचा खास पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या नियमांत हृदयक्रिया थांबल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण आणि पुतळ्यांवरचा सराव आला. जालन्यात २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यात शिकाऊ डॉक्टर आणि शिकाऊ परिचारिका एकाच खाटेजवळ उभे असतील. कोण कुणाला काय सांगू शकेल, ते आजच घडतंय. पन्नास वर्षांनी कुणी यावर पीएचडी करील तेव्हा त्याला आजच्या ड्युटीच्या याद्या लागतील. त्या कुणी जपून ठेवतंय का?

तुमच्या वहीसाठी

आराखडा लिहायला बसाल तेव्हा या तीन गोष्टी करून बघा.

पहिली. तुमच्या विषयाचं शीर्षक झाका आणि एक दृश्य लिहा: ठिकाण, वेळ, माणसं. माझं दृश्य रात्री तीन वाजताचा वॉर्ड होतं. अभ्यासक्रम, कायदा, अहवाल हे सगळं त्या दृश्यात कुठे बसतं ते बघा. जे बसत नाही ते सध्या बाजूला ठेवा. आरआरसीसमोर ‘व्याप्ती आणि मर्यादा’ विचारतात तेव्हा हेच उपयोगी पडतं.

दुसरी. अभ्यासक्रमात काय लिहिलं होतं यावरून काय घडत होतं हे ठरवू नका. अभ्यासक्रम म्हणजे इच्छा. घडलेलं सापडतं ते ड्युटीच्या याद्यांत, रात्रीच्या रिपोर्टच्या वहीत, मेसच्या हिशेबात आणि मुलींच्या रजेच्या अर्जांत. एखाद्या महिन्यात रात्रपाळीला किती नावं शिकाऊ मुलींची आणि किती नेमणुकीवरच्या परिचारिकांची, एवढं मोजलं तरी एक प्रकरण उभं राहतं. अशा वह्या मागताना रुग्णांची नावं उतरवून घेऊ नका, आणि परवानगी लेखी घ्या.

तिसरी, मुलाखतीबद्दल. मी सिस्टरांना आधी विचारत होते, ‘तुम्हाला अत्यवस्थ रुग्णांबद्दल काय शिकवलं?’ त्यांनी पुस्तकी उत्तरं दिली. मग चुकून विचारलं, ‘पहिल्या नाइट ड्युटीला भीती वाटली का?’ आणि वर लिहिलेलं सगळं बाहेर आलं. प्रश्नपत्रिका घेऊन जा, पण ती मिटून ठेवायची तयारीही ठेवा. आणि जे बाहेर येतं ते कधी कधी त्या माणसाने पन्नास वर्षं कुणाला सांगितलेलं नसतं. रेकॉर्डर बंद करायचा का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, चालू राहू दे.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. त्यांच्या नातीने यंदा नर्सिंगला प्रवेश घेतलाय. ‘‘तिला मी एकच शिकवलंय,’’ म्हणाल्या, ‘‘घड्याळ काढायचं, पोटाकडे बघायचं आणि पुरता एक मिनिट श्वास मोजायचा. आणि आकडा चुकीचा वाटला तर कुणाला उठवायला लाजायचं नाही.’’

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या एका मिनिटावर आहे. अजून लिहून व्हायचंय.